सत्तर मैलांचा वेग आणि सासूबाईंची पायरी

पत्र

ताई, आम्ही डेट्रॉइटजवळ राहतो. सहा वर्षांपासून लेक सेंट क्लेअरवर आमची २६ फुटी, एका इंजिनाची बोट आहे. आता मोठी घ्यायचीय. ३८ ते ४० फूट, जुळी इंजिनं, ताशी ७० मैल पळणारी. आणि आत चौघांना नीट झोपता यावं, एसी, टॉयलेट, छोटं किचन असावं. मुलगा १४ वर्षांचा, मुलगी ९ वर्षांची. उन्हाळ्यात आई-बाबा सांगलीहून दोन-तीन महिने येतात. मॅकिनॉ आयलंडपर्यंत बोटीने जायचं स्वप्न आहे, जमलं तर पलीकडे कॅनडातल्या नॉर्थ चॅनललाही. बजेट अडीच लाख डॉलर. वापरलेली चालेल, थोडं कर्ज काढू. आम्ही सगळे अजून ग्रीनकार्डवर आहोत. फ्लोरिडात एक फार देखणी बोट पाहून ठेवलीय, फोटोंत अगदी कोरी दिसते. घेऊन टाकू का? मुलाने नावही ठरवलंय, ‘तुफान’.
— वेगवेडा, मिशिगन

ता. क. हे पत्र पाठवायच्या आधी मी वाचलंय. मला दोनच गोष्टी हव्यात. सरळ उभं राहता येईल असं टॉयलेट आणि सासूबाईंना उतरता येईल अशी पायरी. बाकी यांचं चालू द्या.
— वेगवेड्याची बायको

उत्तर

वेगवेडे, तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा मजकूर ताज्या कलमात आहे. रागावू नका. बावीस वर्षं या तळ्यांवर बोट चालवतेय, त्यातली पहिली सात मीही इंजिनांचेच आकडे घोकत होते.

आधी एक हिशेब करू. आपल्याकडे हंगाम मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत, म्हणजे वीसेक वीकेंड. त्यातून पाऊस-वाऱ्याचे काढा, मुलांच्या सॉकरचे काढा, मंडळाच्या गणपतीचा एक काढा, कुणाची तरी मुंज नाहीतर ग्रॅज्युएशन पार्टी असतेच, ती काढा. उरले दहा-बारा. त्या दहा-बारांत बोटीवर झोपणार किती रात्री? आणि गेल्या सहा वर्षांत तुम्ही ताशी ४५ मैलांच्या वर, सगळं कुटुंब बोटीवर असताना, कितीदा गेलात? वहिनींना विचारा, त्यांना बरोबर आकडा माहीत असेल. मोठ्या बोटीचे धावण्याचे तास मोजके असतात. ती उभी असते ते तास कितीतरी जास्त, आणि तेव्हा तिच्यात माणसं असतात.

आता मुद्द्याचं बोलते, कारण हे कुठला दलाल सांगत नाही.

वेगवान बोटींचा तळ खोल व्ही आकाराचा असतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. रेमंड हंट या अमेरिकन रचनाकाराने तो आकार घडवला. १९६० च्या मायामी–नासाऊ शर्यतीत रिचर्ड बर्ट्रामची ‘मॉपी’ खवळलेल्या समुद्रात त्याच तळाच्या जोरावर पहिली आली, आणि तेव्हापासून शर्यतीच्या घराण्यातल्या बोटी मागच्या टोकापर्यंत साधारण २४ अंशांचा उतार ठेवतात. लाट आली की तळ तिच्यावर आपटत नाही, सुरीसारखा आत शिरतो. पाठीचा कणा वाचतो. इथपर्यंत सगळं खरं.

पण बोट उभी राहिली की तोच व्ही धारेवर उभ्या केलेल्या विळीसारखा होतो. धावताना पाणी खालून दोन्ही बाजूंनी उचलून धरतं, थांबल्यावर तो आधार गेला. मग शंभर यार्डांवरून गेलेल्या मासेमारी बोटीची लाटही तुम्हाला या कुशीवरून त्या कुशीवर लोळवते. लेक एरीवर केलीज आयलंडच्या आडोशाला आम्ही नांगर टाकून काढलेली एक रात्र मला अजून आठवते. बोट अरुंद, ३६ फुटी, देखणी म्हणजे किती देखणी. वारा संध्याकाळीच पडला होता, पण दुरून येणारी मंद लाट रात्रभर आडवी लागत राहिली. कपाटातला स्टीलचा डबा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. खण्ण. पाच सेकंद. खण्ण. पहाटे तीनला उठून मी तो टॉवेलात गुंडाळला, तर त्याच्या शेजारची वाटी सुरू झाली. माझ्या मामाचा वेंगुर्ल्याला मचवा होता, गोल पोटाचा, ओझ्याच्या बैलासारखा संथ. त्यात आम्ही पोरं दुपारी निवांत झोपायचो. मामाने ती माझी ३६ फुटी पाहिली असती तर विचारलं असतं, हिच्यात माणसं बसतात की हिला बसून बघतात?

तेव्हा तुमचं भांडण ‘वेग की आराम’ असं नाहीच. जो आकार दिवसा सुख देतो तोच रात्री त्रास देतो, आणि या दोघांत समेट घडवणारी मुख्य गोष्ट एकच, रुंदी. जाहिरातीत लांबी मोठ्या अक्षरात असते. तुम्ही रुंदी वाचा.

३८–४० फुटांत ढोबळमानाने तीन घराणी सापडतात. पहिलं शर्यतीचं. फॉर्म्युलाची ३८२ फास्टेक, सिगारेट, डॉन्झी वगैरे. लांब, अरुंद, ७० मैल सहज. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, कोनात गादी, टॉयलेट असलं तर कपाटाएवढं आणि डोकं वाकवूनच आत जायचं. दुसरं टोक म्हणजे साध्या एक्सप्रेस क्रूझर, आत राहायची केबिन असलेल्या सहलीच्या बोटी, सी रे सनडान्सरच्या चालीच्या. उतार कमी, रुंदी भरपूर, आत उभं राहून पोळ्या लाटाल. पण तीन फुटी लाटेत वेग कमी करावाच लागतो, आणि सुकाणू फिरवल्यावर बोट जरा विचार करून वळते. मधलं घराणं तुमचं. फॉर्म्युलाच्या ३७० आणि ४०० सुपर स्पोर्ट, फाउंटनची ३८ एक्सप्रेस क्रूझर. यांचा तळ पहिल्या घराण्याकडून आलेला आणि रुंदी दुसऱ्याकडून. ७० मैल विसरा, पन्नास-साठच्या आसपास पोचतात. चौघांची झोपायची सोय होते, मागच्या बाजूला एक आडवी गुहेसारखी जागा असते तिथे मुलं हट्टाने झोपतात. याच गटात एसी, जनरेटर, खरं टॉयलेट मिळतं. नवी घ्यायची तर तुमच्या बजेटच्या निदान दुप्पट, म्हणून वापरलेली बघताय ते शहाणपणाचं.

७० मैल का विसरा? एक तर कायदा. मिशिगनमध्ये कमाल वेग ५५ मैल आहे. ग्रेट लेक्स आणि लेक सेंट क्लेअरवर किनाऱ्यापासून एक मैलाच्या पुढे गेलात तरच ती मर्यादा सुटते. म्हणजे सेंट क्लेअर नदी, जिच्यातून तुम्हाला लेक ह्युरॉनला जायचंय, तिथे ७० कधीच नाही. आणि तिथल्या बऱ्याच पट्ट्यांत तर लाट न उठवता चालायचं असतं. दुसरं, पाणी. लेक सेंट क्लेअर सरासरी जेमतेम ११ फूट खोल. एवढ्याशा पाण्यावर दुपारी वारा सुटला की लाटा उंच नसतात पण आखूड असतात, एकीवर एक, परातीत हात फिरवल्यासारख्या. त्यात ७० मैलांची बोटही तीस-पस्तीसनेच जाते, निदान घरची माणसं आत असताना. म्हणून दलालाला विचारायचा प्रश्न ‘कमाल किती’ हा नाही. ‘दोन-तीन फुटी आखूड लाटेत कॉफी न सांडता किती’ हा आहे. चाचणीला सकाळी आठच्या आरशासारख्या पाण्यावर जाऊ नका. दुपारी तीनला जा, वाऱ्यात.

(वेगाचं वेड इथल्या मातीतच आहे, तुमचा दोष नाही. १९३२ साली गार वुडने अल्गोनॅकजवळ याच सेंट क्लेअर नदीवर ‘मिस अमेरिका टेन’ ताशी १२४ मैलांच्या वर नेली होती. तीही ३८ फुटांचीच, चार पॅकार्ड इंजिनांची. तिच्यात झोपायची सोय नव्हती.)

काही बोटींच्या तळाला आडव्या पायऱ्या कोरलेल्या असतात, स्टेप्ड तळ म्हणतात तो. तिथून हवा तळाखाली शिरते, पाण्याशी घासणारा भाग कमी होतो, वेग वाढतो, पेट्रोल वाचतं. चांगली गोष्ट आहे, पण अशी बोट वेगात एकदम वळवली तर मागचा भाग सुटून गर्रकन फिरू शकते. आधी वेग उतरवायचा, मग वळायचं, ही सवय अंगात मुरावी लागते. तुमचा चौदा वर्षांचा मुलगा सुकाणूला हात लावणार हे गृहीत धरून सांगतेय. मिशिगनमध्ये १ जुलै १९९६ पासून पुढे जन्मलेल्यांना बोट चालवायला बोटर सेफ्टी सर्टिफिकेट लागतं, ते त्याने याच हिवाळ्यात करून टाकावं. आणि मनगटाला लावायची ती इंजिन बंद करणारी दोरी, केंद्राचा नियम २६ फुटांपेक्षा लहान बोटींना आहे, तुम्हाला सक्ती नाही. तरी लावा. पन्नास मैलांनी जाणारी बोट चालकाविना पुढे गेली तर तिच्यात उरलेल्यांचं काय?

आता मॅकिनॉ. पोर्ट ह्युरॉनहून किनाऱ्याकिनाऱ्याने तिथपर्यंत २०४ सागरी मैल, म्हणजे आपले साधे २३५. त्यात तुमच्या मरिनापासून पोर्ट ह्युरॉनपर्यंतचे पन्नासेक मिळवा. जुळी ४०० हॉर्सपॉवरच्या आसपासची पेट्रोल इंजिनं असलेली असली बोट तिच्या रमतगमत चालीत, तीस-पस्तीस मैलांना, गॅलनला साधारण एक मैल देते. एका बाजूचे २८५ गॅलन. गॅलनला पाच डॉलर धरा, जाऊन-येऊन तीन हजारांच्या जवळ. हा आकडा वहिनींना आधीच सांगा, पंपावर नको. टाकीचं गणित जुन्या खलाशांचंच ठेवा. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश देवाचं.

हा प्रवास तीन दिवसांत करा. लेक्सिंग्टन, हार्बर बीच, पोर्ट ऑस्टिन अशी बंदरं ओळीने लागतात. बोटवाला किनाऱ्याने पंधरा मैलांपेक्षा जास्त कधी आसऱ्यापासून दूर असू नये या हिशेबाने मिशिगनने ही बंदरं बांधली आहेत. सगळ्यात जपायची जागा पोर्ट ऑस्टिनच्या पुढे, सॅगिनॉ बेचं तोंड ओलांडताना. तिथे आडोसा नाही. आदल्या रात्री हवामान खात्याचा अंदाज ऐका. स्मॉल क्राफ्ट अ‍ॅडव्हायजरी (लहान बोटींसाठीचा इशारा) असली तर पोर्ट ऑस्टिनलाच मुक्काम वाढवा आणि पत्ते काढा. बोट रात्री राहण्यासारखी असण्याचा खरा उपयोग हाच. हॉटेल शोधायची घाई नसली की माणूस वाऱ्याशी पैज लावत नाही. मॅकिनॉवर १८९८ पासून मोटारींना बंदी आहे, सगळीकडे टांगे. तुमच्या बाबांना फार आवडेल.

आता वहिनींच्या दोन गोष्टी, ज्या खरं तर सगळ्यांच्याच आहेत.

बोट बघायला जाल तेव्हा पायातले बूट काढा आणि दोघंही खाली केबिनमध्ये जा. वहिनींनी टॉयलेटमध्ये जाऊन दार लावून घ्यावं. नुसतं उभं राहून नाही. बसून, वळून, हात धुऊन, टॉवेल अडकवून बघावं. दार आतून लागतं का, गुडघे आपटतात का. मग प्रत्येक बर्थवर पाच मिनिटं आडवं व्हा. माहितीपत्रकात ‘चौघांसाठी’ लिहिलेलं असतं, त्यातल्या दोघांची जागा म्हणजे टेबल खाली पाडून त्यावर टाकलेली गादी असते, हे विसरू नका. रोज रात्री ते टेबल पाडायचं आणि सकाळी चहाला पुन्हा उभं करायचं. तुमचा मुलगा अजून वाढतोय, त्याला तिरकं झोपायला सांगू नका.

पायरी. मागच्या प्लॅटफॉर्मवरून कॉकपिटमध्ये, म्हणजे वरच्या उघड्या बसायच्या जागेत, आणि कॉकपिटमधून केबिनमध्ये, अशा दोन चढ-उतरणी असतात. दुसरी बहुधा शिडीसारखी उभी. पहिल्या घराण्यातल्या बोटींत तर ती पायरी नसतेच, उडी असते. पायऱ्यांना खाच आहे का, धरायला दांडा कुठे आहे, आणि हात सुटल्यावर पुढचा दांडा हाताच्या अंतरात येतो का, हे बघा. तुमच्या आई साडी नेसत असतील तर हे आणखीच महत्त्वाचं. दांडा नसेल तर बसवून घेता येतो, दोनशे-तीनशे डॉलरचं काम. सगळ्या सौद्यात एवढ्या पैशांत एवढं पुण्य दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

केबिनमध्ये फोडणी देता येत नाही. सांगून ठेवते. एकदा मोहरी तडतडली की तो वास ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत गाद्यांत राहतो. आम्ही इंडक्शनची शेगडी कॉकपिटमध्ये लावतो, मरिनाच्या विजेवर. नांगरावर असलो तर घरून आणलेला मेथीचा ठेपला आणि दही. कुणाची तक्रार नसते.

एसी तळ्याचं पाणी ओढून चालतो. लेक सेंट क्लेअरमध्ये जुलैत गवत इतकं माजतं की त्या पाण्याची गाळणी आठवड्यात दोनदा साफ करावी लागते. रात्री दोनला एसी बंद पडला तर आधी मेकॅनिकला नव्हे, गाळणीला हात घाला. ती गाळणी कुठे आहे, तिच्यापर्यंत माणसाचा हात पोचतो का, हे बोट घेतानाच बघायचं असतं. काही बोटींत ती जनरेटरच्या मागे असते; बहुधा चार फूट लांब हाताच्या माणसाने ती जागा ठरवली असावी. मैला साठवायची टाकी केवढी आहे तेही विचारा, कारण मिशिगनमध्ये मैला पाण्यात सोडायला पूर्ण बंदी आहे. सहा माणसं, दोन दिवस. गणित तुम्हीच करा.

एसी आला की जनरेटर आला, आणि इथे मी थट्टा बाजूला ठेवते. पेट्रोलच्या इंजिनातून आणि जनरेटरमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही. दोन-चार बोटी एकमेकींना बांधून रात्र काढतात तेव्हा शेजारच्या बोटीच्या जनरेटरचा धूर तुमच्या केबिनमध्ये येऊ शकतो. ज्या ज्या कोपऱ्यात कुणी झोपतं तिथे अलार्म हवा, आणि त्याची मुदत संपलेली नसावी. यंत्र चालू असताना मुलांनी मागच्या प्लॅटफॉर्मवर बसायचं नाही, पोहायचंही नाही. आणि इंजिन सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर, म्हणजे इंजिनाच्या जागेतली हवा बाहेर काढणारा पंखा, चालवायचा, मग झाकण उघडून नाकाने खात्री करायची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचून बसते. चार मिनिटं म्हणजे चार. घड्याळ लावा.

नांगरावरची डोल थांबवायला हल्ली जायरो मिळतात, आत एक जड चाक भन्नाट वेगाने फिरतं आणि बोट स्थिर राहते. चमत्कारच आहे, पण महाग, वजनदार, आणि रात्रभर वीज खाणारा. तुमच्या बजेटात मी त्यावर पैसे घालणार नाही. अरुंद बोट घेऊन तिला जायरो लावण्यापेक्षा रुंद बोट घ्यावी आणि जास्तीत जास्त रात्री मरिनात बांधून काढाव्या. मस्कामूट बेसारख्या आडोशाच्या, उथळ पाण्याच्या जागा नांगरायला आहेतच.

फ्लोरिडाची बोट. तिचे फोटो मी पाहिलेले नाहीत, पण खाऱ्या पाण्यातली बोट फोटोंत नेहमीच कोरी दिसते. मीठ आतून खातं. इंजिनांना थंड ठेवायला थेट समुद्राचं पाणी फिरत असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि रायझर, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणारे भाग, पाच-सात वर्षांत बदलावे लागतात. बंद शीतन असेल, म्हणजे इंजिनात मोटारीसारखं वेगळं कूलंट फिरत असेल, तर इंजिन वाचतं, तरी एक्झॉस्टकडे बघावंच लागतं. ड्राइव्ह, म्हणजे पंखा फिरवणारे मागचे भाग, पाण्यात बुडून राहिले असतील तर त्यांचा रंग फुगला आहे का, बेलोज (पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी नळ्या) शेवटचे कधी बदलले, हे विचारा. आपल्या गोड्या पाण्यातल्या बोटी वर्षातले पाच-सात महिने शेडमध्ये झोपलेल्या असतात, त्यामुळे दहा वर्षांची बोटही अंगाने तरुण असते. त्यांना किंमत जास्त पडते आणि ती रास्त आहे. शिवाय मधल्या घराण्यातली रुंद बोट फ्लोरिडाहून रस्त्याने आणायची तर प्रत्येक राज्यात रुंद मालाची परवानगी, काही ठिकाणी पुढेमागे गाडी. तो खर्च फोटोंत दिसत नाही. ओहायो, मिशिगन, विस्कॉन्सिन पालथं घाला आधी.

आणि बोट कुठलीही असो, सर्व्हेअर, म्हणजे बोट तपासणारा जाणकार, तुमचा हवा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. आमची पहिली मोठी बोट आम्ही सर्व्हे न करता घेतली. विकणारे गृहस्थ फार गोड बोलायचे, घरी बोलावून जेवायला घातलं त्यांनी. दुसऱ्या वर्षी मागची भिंत, जिच्यावर ड्राइव्ह बसवलेले असतात, ती आतून भिजून भुसा झालेली निघाली. नंतरच्या बोटीच्या वेळी सर्व्हेअरने प्लॅस्टिकच्या हातोडीने ती भिंत इंचाइंचाने वाजवली, मी शेजारी उभी होते. ठक्, ठक्, ठक्. चांगल्या नारळासारखा आवाज. मग खालच्या कोपऱ्यात एक ठिकाणी भद्. त्या एका भद्‌वर आम्ही किंमत नऊ हजारांनी उतरवली. इंजिनांचा वेगळा मेकॅनिक बोलवा. कॉम्प्रेशन, तेलाची तपासणी, आणि इंजिनाच्या संगणकातून कुठल्या आरपीएमवर किती तास चाललंय त्याचा कागद. तासांचा एकच आकडा काही सांगत नाही. ४०० तास पूर्ण वेगाने पळालेलं इंजिन आणि ४०० तास रमत चाललेलं इंजिन ही वेगळी जनावरं.

आउटबोर्ड (मागे बाहेर टांगलेलं इंजिन) की स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत, ड्राइव्ह बाहेर), यावर लोक तासन्‌तास भांडतात. मी थोडक्यात उरकते. आउटबोर्ड पाण्याबाहेर उचलता येतात, दुरुस्तीला सोपे, हिवाळ्यात पाणी काढून ठेवायची कटकट कमी. पण ते मागचा सगळा प्लॅटफॉर्म खातात, आणि तुमच्या घरात त्या प्लॅटफॉर्मवर मुलगी पाय सोडून बसणार आहे. तुमच्या बजेटात या मापाची रुंद बोट बहुधा स्टर्नड्राइव्हचीच मिळेल. घ्या. फक्त बो थ्रस्टर (नाळ आडवी ढकलणारा छोटा पंखा) किंवा जॉयस्टिक असेल तर त्यासाठी चार पैसे जास्त द्या. २६ फुटांवरून ३८ वर गेल्यावर पहिल्याच दिवशी आडव्या वाऱ्यात स्लिपमध्ये, म्हणजे मरिनातल्या आपल्या बोट लावायच्या जागेत, शिरताना माझे शब्द आठवतील.

कागदपत्रं आधी, बयाणा नंतर. मोठ्या बोटीला कर्ज देणारे बरेचसे सावकार कोस्ट गार्डकडे नोंद मागतात, आणि ती नोंद फक्त अमेरिकन नागरिकाच्या नावे होते. ग्रीनकार्डवर होत नाही. तुमची बोट मिशिगन राज्याकडे नोंदली जाईल, बाजूला एमसीने सुरू होणारा नंबर लागेल. त्यात कमीपणा काही नाही, पण तशा बोटीवर कर्ज देणारा आधी शोधा. विमा कंपनीलाही आधीच फोन करा. बोटीचा कमाल वेग किती आणि याआधी तुम्ही किती फुटांची चालवलीत, हे दोन प्रश्न त्या विचारतातच. बारा फुटांची उडी म्हटल्यावर काही जणी परवानाधारक कप्तानाबरोबर काही तास चालवून दाखवा म्हणतात. ७० मैलांच्या बोटीला त्या काय म्हणतात ते ऐकून तुमचं निम्मं वेड आपोआप उतरेल.

नॉर्थ चॅनल कॅनडात आहे, तिथे पोचल्यावर आणि परतल्यावर दोन्हीकडे वर्दी द्यावी लागते. तुम्हाला भारतीय पासपोर्ट आणि ग्रीनकार्ड पुरेल. आई-बाबांच्या पासपोर्टवर मात्र अमेरिकेच्या व्हिसाशिवाय कॅनडाचा वेगळा व्हिसा हवा. बोटीने गेलं म्हणून सूट नाही. तो काढायला वेळ लागतो, सांगलीहून निघण्याआधीच अर्ज करा. नाहीतर ते दोघं मॅकिनॉच्या टांग्यात आणि तुम्ही पलीकडे, असं व्हायचं.

तर, अडीच लाखांतले दोन लाख दहा-वीस हजार बोटीला, उरलेले पहिल्या वर्षाला. बोटवाले ढोबळमानाने किमतीचा दहावा हिस्सा दरवर्षी धरतात. स्लिप, विमा, हिवाळ्याची शेड, प्लॅस्टिकचं आवरण, इंजिनात गुलाबी अँटिफ्रीझ, आणि दरवर्षी नवं काहीतरी. ३७ ते ४० फूट, रुंदी साडेदहा-अकरा फूट, तळाचा उतार एकवीस अंश किंवा जास्त, गोड्या पाण्यातली, जनरेटरचे तास लिहून ठेवलेली. ऑक्टोबरमध्ये शोधा, एप्रिलमध्ये नको. ऑक्टोबरमध्ये विकणाऱ्याला समोर हिवाळ्याच्या शेडचं बिल दिसत असतं.

‘तुफान’ नाव मला आवडलं नाही, खरं सांगते. ज्या गोष्टीपासून पळून बंदरात यायचं तिचंच नाव बोटीच्या पाठीवर कशाला? पण मुलाने ठरवलंय तर राहू द्या. बोट पाण्यात उतरेल तेव्हा आई इथे असतील तर नारळ त्यांच्या हातून फोडा. डॉकवर फोडा, बोटीच्या नाळेवर नको. जेलकोटला, म्हणजे बाहेरच्या चकचकीत थराला, तडा जातो, आणि तो दुरुस्त करणारा माणूस ‘नेमकं काय आपटलं?’ म्हणून विचारतो. मला विचारलं होतं.